एक वाक्य आणि सव्वीस लाख डॉलर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी तुमच्याशी एका वाक्याबद्दल बोलणार आहे. ते आपल्या देशाच्या कायद्यातलं नाही. अमेरिकेच्या संसदेनं १९९६ साली सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या एका जाडजूड कायद्यात ते घातलं. त्यात बाईचा उल्लेख नाही, नवऱ्याचा नाही, मारहाणीचा नाही. एका सरकारी संशोधन संस्थेनं आपले पैसे कशासाठी वापरू नयेत, एवढंच त्यात म्हटलंय. तरीही स्त्रियांवरच्या हिंसेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपण सगळ्यांनी ते नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. बाईच्या खुनाबद्दलची माहिती गोळाच होऊ द्यायची नसेल तर बंदी घालावी लागत नाही, हे त्या वाक्यानं दाखवून दिलं.

काही जणी म्हणतील, हा बंदुकांचा प्रश्न, आपल्याकडे घराघरात बंदुका कुठे आहेत? नाहीत. आपल्याकडे रॉकेल होतं. त्याच्याकडे मी नंतर येते.

आधी संस्था कोणती ते सांगते. अमेरिकेत अटलांटा शहरात रोगनियंत्रण आणि प्रतिबंध केंद्र आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीडीसी म्हणतात. १९४६ साली मलेरियाशी लढायला ते सुरू झालं. साथ कुठून आली, कोणाला लागली, कोणाला लागली नाही आणि का, हे शोधायचं त्यांचं काम. १९८० च्या दशकात तिथल्या काही डॉक्टरांनी विचारलं की तरुण माणसं मरतात ती रोगांपेक्षा अपघातांनी, खुनांनी आणि आत्महत्यांनी. मग त्यांचा अभ्यास साथीसारखा का करू नये? खून म्हणजे पोलिसांचं काम, असं म्हणून डॉक्टरांनी हात का झटकावेत? १९८३ पासून तिथे हिंसेचा अभ्यास सुरू झाला आणि १९९२ मध्ये इजा प्रतिबंधासाठी स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. मार्क रोझेनबर्ग नावाचे डॉक्टर त्याचे पहिले संचालक.

आता हा विचार आपल्याला ओळखीचा वाटेल. 'घरातली भांडणं घरात' असं म्हणणाऱ्यांना आपण सांगत आलो, की ही एकट्या बाईची कर्मकहाणी नाही, याला नमुना आहे, कारणं आहेत आणि ती बदलता येतात. डॉक्टर त्यांच्या भाषेत तेच म्हणत होते.

या अभ्यासांतून काय बाहेर आलं ते पाहू. १९९२ साली आर्थर केलरमन आणि सीडीसीतले जेम्स मर्सी यांनी एक लेख प्रसिद्ध केला. अमेरिकेत १९७६ ते १९८७ या काळात झालेल्या खुनांच्या नोंदी त्यांनी स्त्री आणि पुरुष अशा वेगळ्या करून पाहिल्या. अनोळखी माणसानं बंदूक, सुरा किंवा आणखी कशानंही मारलेल्या सगळ्या बायकांची एकत्र संख्या घेतली, तरी नवऱ्यानं किंवा जवळच्या पुरुषानं नुसत्या बंदुकीनं मारलेल्या बायका तिच्या दुपटीहून जास्त भरत होत्या. पुन्हा सांगते, नुसत्या बंदुकीनं.

१९९३ साली केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दुसरा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. त्याला सीडीसीचा पैसा होता. तीन परगण्यांमध्ये लोकांच्या राहत्या घरी झालेले खून त्यांनी घेतले. प्रत्येक मृत व्यक्तीसाठी त्याच वस्तीतली, त्याच वयाची, त्याच वंशाची, त्याच लिंगाची दुसरी व्यक्ती शोधली, आणि दोन्ही घरांत काय होतं, काय नव्हतं हे विचारत गेले. घरात दारू होती का? मारहाण होती का? बंदूक होती का? अशा ३८८ जोड्या त्यांनी तपासल्या. बाकीच्या गोष्टी हिशेबात धरूनही, बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता २.७ पट निघाली. आणि ही वाढलेली जोखीम जवळजवळ सगळी घरच्या किंवा अगदी जवळच्या माणसाकडून होणाऱ्या खुनाची होती. चोर-दरोडेखोरांकडून बंदूक घरातल्यांचा जीव वाचवते असं काही दिसलं नाही.

त्याच सुमाराला बाजारात काय चाललं होतं तेही लक्षात घ्या. १९८९ मध्ये स्मिथ अँड वेसन या कंपनीनं 'लेडीस्मिथ' नावाची खास बायकांसाठीची पिस्तुलं आणली. बंदूकधारकांची संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, तिनं १९९३ मध्ये बायकांसाठी 'बळी होण्यास नकार द्या' अशा अर्थाच्या नावाची मोहीम काढली. शब्द आपल्या चळवळीतून उचललेले. बाईनं दुबळं राहू नये, स्वतःचं रक्षण करावं, हे सगळं आपणच बोलत आलो. फक्त या मोहिमांतलं संकट अंधाऱ्या गल्लीतून येतं. अभ्यासातलं संकट जेवणाच्या टेबलावर समोर बसलेलं असतं. एका बाजूला नवं गिऱ्हाईक मिळवण्याचा बेत, आणि दुसऱ्या बाजूला सरकारच्याच पैशांतून निघालेला अहवाल सांगतोय की ही वस्तू घरात आणल्यानं बाईचा धोका वाढतो. असा अहवाल कोणाला नकोसा होणार हे मी सांगायला नको.

असोसिएशनचा पहिला प्रयत्न इजा प्रतिबंध केंद्र पुरतं बंद पाडण्याचा होता. ते जमलं नाही. मग आर्कान्सा राज्याचे खासदार जे डिकी पुढे आले. आपण संसदेत असोसिएशनचे मुख्य माणूस होतो, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलंय. १९९६ मध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, इजा प्रतिबंधाच्या निधीतला कोणताही पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही, असं वाक्य खर्चाच्या विधेयकात घातलं. दोन, केंद्राच्या अंदाजपत्रकातून २६ लाख डॉलर कापायला लावले. आदल्या वर्षी बंदुकांवरच्या संशोधनावर नेमके तेवढेच खर्च झाले होते. पुढे वरिष्ठ सभागृहात ते पैसे परत आले, पण मेंदूच्या इजांच्या अभ्यासासाठी राखून ठेवून. म्हणजे संस्थेचं एकूण अंदाजपत्रक फारसं घटलं नाही. कागदावर कोणाचं काही बिघडलं नाही.

इथे जरा थांबू या.

ते वाक्य पुन्हा पाहा. संशोधन करू नका असं ते म्हणत नाही. प्रचार करू नका, एवढंच म्हणतं. सरकारी संशोधन संस्थेनं प्रचार करू नये, याला कोण नाही म्हणणार? पण प्रचार कशाला म्हणायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरात बंदूक असेल तर धोका वाढतो, हा निष्कर्ष छापला तर तो प्रचार झाला का? अमुक राज्यात परवान्याचा कायदा आल्यावर खून कमी झाले, हे मोजलं तर? अर्थ संदिग्ध ठेवायचा आणि शेजारी २६ लाखांची नेमकी रक्कम कापून दाखवायची. वाक्याचा अर्थ त्या रकमेनं सांगितला. पुढच्या वेळी काय कापलं जाईल ते ज्याचं त्यानं ओळखायचं.

आणि त्यांनी ओळखलं. अधिकाऱ्यांनी हा विषय बाजूला ठेवला. मार्गदर्शक प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना दुसरा विषय घ्यायला सांगितलं, कारण ज्या विषयाला अनुदान नाही त्यावर नोकरीही नाही. रोझेनबर्ग यांना १९९९ मध्ये केंद्रातून जावं लागलं. बंदुकांबद्दलचं संशोधन छापण्याआधी सीडीसी त्याची सूचना रायफल असोसिएशनला देते, अशी बातमी २०११ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'नं दिली. संस्थेचं म्हणणं होतं, ही केवळ सौजन्याची पद्धत. गावच्या सरपंचाला विचारूनच तलाठ्यानं पंचनामा लिहावा, तसं हे सौजन्य.

म्हणून हा कायदा मला उघड बंदीपेक्षा वाईट वाटतो. बंदी असेल तर तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येतं. इथे अडवलंय कोणी असं विचारलं तर उत्तर येतं, कोणीच नाही, तुम्हीच अभ्यास केला नाहीत. पुढे २०११ च्या अखेरीस हीच अट आरोग्य खात्याच्या सगळ्या संशोधन संस्थांना लावली गेली. मधल्या काळात, २००३ मध्ये, गुन्ह्यात सापडलेली बंदूक कोणत्या दुकानातून आली याची सरकारकडची माहिती बाहेर द्यायलाही अशाच एका खर्चाच्या कायद्यातून मर्यादा घातली गेली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला ती सांगते. डिकींचं वाक्य ज्या कायद्यात होतं तो ३० सप्टेंबर १९९६ रोजी मंजूर झाला. त्याच दिवशी, त्याच कायद्यात, आणखी एक तरतूद होती. न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांची. अमेरिकेत बायकोला मारहाण केल्याचा गुन्हा पुष्कळदा किरकोळ गुन्हा म्हणून नोंदला जातो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला बंदूक ठेवता येत नाही, पण किरकोळ गुन्ह्यातल्या नवऱ्याला ती खुशाल ठेवता येत होती. लॉटेनबर्ग यांच्या तरतुदीनं ही पळवाट बंद केली. घरातल्या मारहाणीबद्दल किरकोळ गुन्ह्यात जरी शिक्षा झाली असली, तरी त्या माणसाला बंदूक बाळगता येणार नाही. त्यात पोलीस आणि सैनिकांनाही सूट दिली नाही. स्त्री संघटनांसाठी हा मोठा विजय होता, आणि तो आजही टिकून आहे.

म्हणजे एकाच कायद्याच्या एका पानावर संसद म्हणाली की मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या हातात बंदूक धोक्याची आहे. दुसऱ्या पानावर म्हणाली की ती किती धोक्याची आहे हे शोधायला आमच्याकडे पैसे नाहीत. त्या नव्या तरतुदीमुळे किती बायका वाचल्या? कोणत्या राज्यात पोलीस खरोखर बंदुका जमा करून घेतात आणि कुठे नुसता शिक्का मारतात? लग्न न झालेल्या, एकत्र न राहणाऱ्या जोडप्यांचं काय? कायदा झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे प्रश्न विचारायला हवे होते. हे काम ज्या संस्थेनं करायचं, तिचे हात त्याच सहीनं बांधले गेले. केवळ मित्र किंवा प्रियकर असलेल्या पुरुषाला ही बंदी लागू नव्हती, ती पळवाट बऱ्याच अंशी बंद व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं.

मघाशी एका मैत्रिणीनं विचारलं, आपल्याला हे सगळं माहीत असतंच की, त्यासाठी डॉक्टरांचा अभ्यास कशाला हवा? रास्त प्रश्न आहे. निवारागृहात काम करणाऱ्या तिथल्या बायकांनाही ते माहीत होतं. उशीखाली पिस्तूल ठेवून झोपणारा नवरा, ते साफ करत बसून बायकोकडे पाहणारा नवरा त्यांनी शेकडो कहाण्यांत ऐकला होता. बाईचा अनुभव आकड्यांत बसवला की त्यातलं काय काय गळून जातं याची टोचणी आपल्या चळवळीलाही आहे. असावीच. पण कोर्टात आणि विधिमंडळात आपलं माहीत असणं 'एकेकट्या घटना' म्हणून बाजूला सारलं जातं, हाही आपला अनुभव आहे.

याचं एक चांगलं उदाहरण जॅकलिन कॅम्पबेल यांचं. या परिचारिका-प्राध्यापक. मार खाणाऱ्या बायकांशी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांशी बोलून त्यांनी १९८५ च्या सुमाराला एक प्रश्नावली तयार केली, बाईला तिच्या स्वतःच्या जिवाचा धोका ओळखता यावा म्हणून. नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ११ शहरांत अभ्यास केला. जोडीदाराकडून खून झालेल्या २२० बायकांची माहिती त्यांच्या जवळच्यांकडून घेतली आणि मार खाऊनही जिवंत असलेल्या ३४३ बायकांशी ती ताडून पाहिली. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. मारणाऱ्याच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याची शक्यता पाच पटींहून जास्त, असं त्यातून निघालं. घर सोडल्यानंतरचा काळ, विशेषतः नवरा फार हुकमत गाजवणारा असेल तर, अतिशय धोक्याचा, हेही निघालं. याच माहितीवरून २००८ मध्ये दुसरी गोष्ट छापली गेली. ज्या बाईचा पूर्वी कधी गळा दाबला गेलाय, तिचा पुढे खून होण्याची शक्यता सात पटींनी जास्त.

याचा उपयोग काय झाला? मेरीलँड राज्यात २००५ पासून, मारहाणीच्या तक्रारीवरून घरी गेलेला पोलीस बाईला ११ प्रश्न विचारतो. त्यानं कधी तुझ्यावर शस्त्र उगारलं का? ठार मारीन म्हणाला का? तो तुला मारून टाकेल असं तुला वाटतं का? त्याच्याकडे बंदूक आहे का, किंवा ती सहज मिळू शकेल का? ठराविक उत्तरं आली की तो पोलीस तिथूनच निवारागृहाला फोन लावतो आणि बाईला बोलायला सांगतो. संशोधनाचा प्रवास असा होतो, बाईच्या तोंडून प्रश्नावलीत आणि तिथून पोलिसाच्या वहीत. आपल्या पोलीस ठाण्यात 'समजूत काढून पाठवून द्या' ऐकून आलेल्या कार्यकर्तीला या ११ प्रश्नांची किंमत वेगळी सांगायला नको.

मग १९९६ नंतर सगळंच थांबलं का? नाही, तसं म्हणणं खोटं होईल. मोजणी चालू राहिली, रखडत. हिंसक मृत्यूंची सविस्तर नोंद ठेवणारी यंत्रणा सीडीसीनं २००२ मध्ये ६ राज्यांत सुरू केली, ती सर्व ५० राज्यांत पोचायला २०१८ साल आलं. त्या नोंदींवरून २०१७ मध्ये कळलं, की १८ राज्यांत ज्या खुनांची परिस्थिती माहीत होती, त्यांतले बायकांचे निम्म्याहून अधिक खून जोडीदाराच्या हिंसेशी जोडलेले होते, आणि खुनाचं प्रमाण काळ्या आणि मूळ रहिवासी समाजांतल्या बायकांत सर्वांत जास्त होतं. किती मेल्या हे मोजता येत होतं. का, आणि काय केलं तर वाचतील, हे विचारायला पैसा नव्हता. २०१७ सालच्याच एका अभ्यासानं हिशेब मांडला. इतर कारणांनी होणाऱ्या मृत्यूंना जेवढा संशोधन-निधी मिळतो त्या मानानं बंदुकीच्या हिंसेला जितका मिळायला हवा, त्याच्या फक्त १.६ टक्के मिळत होता. कॅलिफोर्नियात गॅरन विंटमूट नावाच्या डॉक्टरांनी स्वतःच्या खिशातले दहा लाखांहून जास्त डॉलर घालून काम चालू ठेवलं. मला त्यांचं कौतुक आहे. पण डॉक्टराच्या बचतीवर देशाचं ज्ञान चालावं ही काही व्यवस्था नव्हे.

खुद्द डिकींचं काय झालं ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे विरोधक म्हणजे कायमचा विरोधक अशी समजूत असते. ते आणि रोझेनबर्ग भर समितीत एकमेकांसमोर उभे राहिलेले. पुढे बोलू लागले, आणि मित्र झाले. २०१२ मध्ये ऑरोरा इथल्या चित्रपटगृहातल्या गोळीबारानंतर दोघांनी मिळून 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहिला, की या विषयावर संशोधन झालंच पाहिजे. त्यांचा दाखला रस्त्यांचा होता. मोटारींवर बंदी न घालताही, अभ्यास करून रस्त्यावरचे मृत्यू कमी करता आले. डिकींनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. २०१७ मध्ये ते वारले. वाक्य मात्र त्यांच्या पश्चात राहिलं.

२०१२ च्या डिसेंबरात सँडी हूक शाळेतल्या लहान मुलांचा बळी गेला. नंतर अध्यक्ष ओबामांनी सीडीसीला संशोधन करायला सांगितलं, संसदेनं पैसे दिले नाहीत. २०१८ मध्ये संसदेनं खुलासा जोडला की संशोधनाला मनाई नाही. पैसे तेव्हाही दिले नाहीत. अखेर २०१९ च्या डिसेंबरात अडीच कोटी डॉलर मंजूर झाले, निम्मे सीडीसीला, निम्मे राष्ट्रीय आरोग्य संस्थांना. मध्ये २३ वर्षं गेली. पुढची काही वर्षं तेवढेच पैसे मिळत राहिले. २०२५ च्या एप्रिलमध्ये इजा प्रतिबंध केंद्रातल्या पुष्कळ कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याच्या नोटिसा गेल्या. त्यासाठी कोणतंही वाक्य बदलावं लागलं नाही.

संशोधनाच्या विरोधकांचा एक मुद्दा मी टाळणार नाही. केलरमन यांच्या अभ्यासावर टीका झाली, की बंदुकीमुळे धोका वाढला, की धोका होता म्हणून लोकांनी बंदूक आणली, हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही. टीका निराधार नाही. पण त्याचं उत्तर आणखी मोठा, आणखी चांगला अभ्यास हे होतं. ज्यांना पुरावा अपुरा वाटतो, त्यांनीच पुरावा शोधण्याचे पैसे काढून घ्यावेत, यातच त्यांचा हेतू दिसतो.

आता रॉकेलकडे येते. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू', ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बातमी आपण वर्षानुवर्षं वाचली. स्टोव्ह सुनांच्याच अंगावर का फुटतो, सासवांच्या का नाही, असं आपल्या पत्रकांत विचारलं. आपल्याकडे असं संशोधन अडवणारं वाक्य कोणी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नाही, कारण नोंद पोलिसांच्या वहीत 'अपघात' म्हणून संपत होती. २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. मृत्यूनोंदणीच्या वेगवेगळ्या माहितीवरून संशोधकांनी अंदाज बांधला, की भारतात एकट्या २००१ साली भाजून सुमारे १ लाख ६३ हजार माणसं मेली. पोलिसांकडच्या आकड्याच्या ही सहापट. त्यांपैकी सुमारे १ लाख ६ हजार बायका, बहुतेक १५ ते ३४ या वयातल्या. त्या वयात एका पुरुषामागे तीन बायका. यातले अपघात किती, आत्महत्या किती, खून किती, ते हा अभ्यास वेगळं करू शकत नाही. पण आतल्या पानावरच्या बातमीमागे केवढा ढीग होता, ते पहिल्यांदा दिसलं.

अशी मोजणी आपल्याकडेही पैशांवरच उभी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईत देवनारच्या संस्थेतून चालतं. त्याच्या १९९८-९९ च्या फेरीत बायकांना मारहाणीबद्दल विचारलं गेलं, आणि २००५-०६ च्या फेरीत घरातल्या हिंसेचा सविस्तर भाग आला. आज आपण प्रत्येक निवेदनात जे आकडे देतो ते तिथले. दुसरं उदाहरण विद्यापीठांतल्या स्त्री-अभ्यास केंद्रांचं. २०१७ च्या मार्चमध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली आणि ही केंद्रं पुढे चालणार की नाही, हा प्रश्न उभा राहिला. कोणीही 'बंद करा' म्हटलं नाही. नुसती काही महिन्यांची मुदत मिळायची, मग पुन्हा वाट पाहायची. सहा महिन्यांनी पगार होईल की नाही हे माहीत नसलेली संशोधिका पाच वर्षांचा अभ्यास हातात घेत नाही. डिकींच्या वाक्यानं अटलांटात जे झालं, ते इथे वाक्याशिवाय झालं.

तेव्हा सरकारचं अंदाजपत्रक आलं की आपण महिला व बालविकास खात्याची रक्कम वाढली की घटली तेवढंच पाहतो. त्याबरोबर नोंदणी, सर्वेक्षणं, न्यायवैद्यक विभाग आणि विद्यापीठांची अनुदानं यांच्या ओळीही वाचल्या पाहिजेत. पुढच्या अंदाजपत्रकासाठी तीन जणींचा गट हे काम करायला तयार झालाय, आणखी कोणी येणार असेल तर नाव द्या.

दुसरं, आपल्या केंद्रातल्या केस-फॉर्मचं. सध्याच्या फॉर्ममध्ये 'मारहाणीचा प्रकार' अशी एकच रिकामी जागा आहे आणि तिथे आपण 'शारीरिक' असं लिहून मोकळ्या होतो. त्याऐवजी पाच प्रश्न सुचवलेत. त्यानं कधी गळा दाबला का. पेट्रोल, रॉकेल, ॲसिड, कोयता किंवा दुसरं काही दाखवून धमकावलं का. ठार मारीन असं म्हणाला का. ती घर सोडून किती दिवस झाले आणि तो मागावर आहे का. आणि तिला स्वतःला काय वाटतं, तो जीव घेईल का. शेवटचा प्रश्न गाळू नका, आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहा. नव्या फॉर्मच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहानंतर त्यावर चर्चा आहे, आणि भाषेबद्दल आदिवासी भागातून आलेल्या मैत्रिणींच्या काही हरकती आहेत, त्या आधी ऐकू या.